पाच हातांची सायकल

१२ जानेवारी

आत्या,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी आलं आणि रीतीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं गेलं. वाचायची पाळी वहिनीची होती. "सहा दिवस, डोंगरापासून समुद्रापर्यंत, सायकलवर" या ओळीवर तिचा आवाज जरा वर गेला आणि आईने हातातला पाण्याचा जग खाली ठेवला.

एक बाई गळल्या आणि त्यांची जागा तू माझ्यासाठी धरून ठेवलीस, हे वाचून मला इतका आनंद झाला की लगेच भीती वाटली. तू लिहिलंस, सामान गाडीत असतं, गाडी तू चालवतेस, सायकल बिघडली तर मिस्त्री बरोबर असतो, आणि कोणी फारच दमलं तर त्याला सायकलसकट गाडीत घेता. म्हणजे तसं घाबरण्यासारखं काही नाही. पण मी या घराबाहेर एकटी कधी राहिलेच नाही. बारा वर्षांची होईपर्यंत बाबांनी घरीच शिकवलं. मग शाळा मिळाली ती गल्लीच्या टोकाला. शाळा संपली तशी खाली आपल्याच कारखान्यात कात्री हातात आली. सोफ्यांची गवसणी बेतता बेतता मी सगळं गणित शिकले, पण बसचं तिकीट कसं काढायचं ते मला अजून दादाला विचारावं लागतं.

तर तुझं आमंत्रण टेबलावर ठेवलं. घरचा नियम तू विसरली नसशील. पाचही हात वर झाल्याशिवाय आपल्याकडे काही ठरत नाही. एकाचा जरी नकार असला तरी विषय बंद. या नियमामुळेच या घरात कधी भांडण झालं नाही, असं बाबा म्हणतात.

नकार कोणाचाच नव्हता, खरंच. प्रत्येकाचं 'हो, पण' होतं. आई म्हणाली, "हो, पण बसायला मऊ पाहिजे. त्या सायकलींच्या सीट म्हणजे नुसता दगड." दादा म्हणाला, "हो, पण गियरची घ्या, दणकट. नंतर घरात सगळ्यांना वापरता येईल." वहिनीचं म्हणणं, पुढे टोपली हवी. बाबा बराच वेळ घास चावत होते. मग म्हणाले, "हो. पण आधी सायकल. ती नीट निवडता आली तर पुढचं बघू. घाई कसली आहे?"

तर आत्या, सायकल कशी निवडायची ते जरा सविस्तर लिही. तू फोन का करत नाहीस असं वहिनीने विचारलं. मी सांगितलं, आपल्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि पाच जण एकदम बोलतात, म्हणून आत्या पत्रच लिहिते.

हे पत्र बाबांनी शुद्धलेखनासाठी तपासलं आहे. दोन वेलांट्या चुकल्या होत्या.

तुझी,
किंतू

(हे नाव कोणी ठेवलं, असंही वहिनीने विचारलं. दादाने सांगितलं, "आत्याने. हिला चहा देऊ का विचारलं तरी ही 'हो, परंतु' म्हणायची.")


२० जानेवारी

किंतू, आणि टेबलाभोवतीचे बाकी चौघे,

आशीर्वाद आपसात वाटून घ्या. भाऊ, तुझ्या वाट्याला नमस्कार, कारण तू मोठा आहेस. वेलांट्या माझ्याही सुधार.

सायकल निवडायची म्हणजे काय करायचं ते ऐक. दुकानात जा. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहा. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत आणि दांडा आणि तू यांच्यात मूठभर मोकळी जागा राहिली पाहिजे. मग सीटवर बस, टाच पेडलवर ठेव. पेडल अगदी खाली गेल्यावर पाय सरळ झाला की सीटची उंची बरोबर. हँडल धरताना खांदे कानाला लागता कामा नयेत. चढाला हलका जाणारा गियर हवा, कारण पहिले दोन दिवस चढच आहे. टायर फार जाड नको, रस्ता डांबरी आहे. टोपली नको, सामानाला मी आहे.

सीट मऊ नको. हे मी खास वहिनीसाठी लिहिते आहे (म्हणजे तुझ्या आईसाठी, सूनबाई, तू नव्हेस). मऊ सीटवर पहिला तास राणीसारखा जातो आणि मग मांड्या घासून निघतात. दगडाची सवय होते, फोमची होत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सायकल घेऊन दुकानाबाहेर पड आणि त्या रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन ये. तू. दुसऱ्या कोणी नाही. चप्पल दुसऱ्याच्या पायाने घेत नाहीत.

एप्रिलच्या सहा तारखेला सकाळी निघायचं आहे. जागा मार्चअखेरपर्यंत धरून ठेवते. माझ्या गाडीत पुढे मी आणि मिस्त्री बसतो. तो दिवसभर नाकात गातो. त्यापेक्षा सायकल चालवलेली बरी असं सगळ्यांनाच वाटतं, म्हणून आमच्या सहलीत कोणी फारसं दमत नाही.

आत्या


९ फेब्रुवारी

आत्या,

सायकल आली! रंग गडद हिरवा. आम्ही सगळे गेलो होतो, रविवारी कारखाना बंद असतो म्हणून. बाबांनी टेप नेला होता. दुकानदार एक सायकल दाखवायचा, बाबा तिची लांबी, उंची, दांड्याचा घेर मोजायचे आणि दादा लिहून घ्यायचा. शेवटी दुकानदार म्हणाला, "काका, हिला कव्हर शिवणार आहात का?" बाबा म्हणाले, "शिवणारच आहे."

आधी दादा एक चक्कर मारून आला. मग बाबांनी मारली. ते सायकलवर इतके तरुण दिसले की आई बघतच राहिली. आई नुसती बसून उतरली. वहिनीने घंटी वाजवून पाहिली. घर एक आहे तर सायकल सगळ्यांच्या मधल्या मापाची असावी, म्हणजे कोणालाच फार लहान किंवा फार मोठी नको, असं दादाचं म्हणणं पडलं, आणि ते सगळ्यांना पटलं.

मीही पाहिलं चालवून. दुकानाच्या दारापासून समोरच्या गटारावरच्या फळीपर्यंत. रस्त्याच्या टोकापर्यंत जाणार होते, पण समोरून ट्रक येत होता आणि बाबांनी कॅरिअर धरून ठेवलं होतं.

"उंच वाटते का?" बाबांनी विचारलं.

"थोडीशी," मी म्हणाले.

"थोडीशी म्हणजे हरकत आहे?"

हरकत हा शब्द मला मोठा वाटला. दुकानदार म्हणाला, "ताई, चालवता चालवता सवय होते." तोपर्यंत चार हात वर झाले होते, तिथेच, दुकानात. मग मीही केला.

घरी आल्यावर आईने सीट काढून खाली नेली आणि तिच्यावर दुहेरी फोम लावून तपकिरी रेक्झिन चढवलं, कडेने गोट घालून. तुझं पत्र वाचलं होतं तिने. म्हणाली, "तिचं काय, ती खडीच्या ढिगावरसुद्धा बसेल." काम फार सुरेख झालं आहे, दुकानात मांडून ठेवावं असं. फक्त त्यामुळे सीट आणखी दोन बोटं वर गेली. बाबांनी सबंध सायकलला गवसणी शिवली, हँडलला वेगळी बाही काढून.

सराव रोज चालू आहे, कारखान्यामागच्या अंगणात. फोमच्या थप्प्या बाबांनी एका भिंतीला सरकवून मला वाट करून दिली. फाटकाला कडी असते, म्हणजे बाहेरून कोणी मध्ये येणार नाही. बेतायच्या टेबलाजवळच्या खिडकीतून बाबांना मी दिसत असते. फेऱ्या मारायला जागा गोल आहे, त्यामुळे मला डावीकडे वळणं फार छान जमतं. उजवीकडे अजून जमत नाही, तिकडे थप्प्या आहेत. थांबायचं झालं की भिंतीजवळ जाते आणि भिंत धरून उतरते.

कोपर आता बरं आहे. म्हणजे फार काही झालंच नव्हतं.

तुझी,
किंतू


१६ फेब्रुवारी

किंतू,

कोपराला काय झालं होतं?

तुझं पत्र मी मिस्त्रीला वाचून दाखवलं. त्याने गाणं थांबवलं. एवढं यश आजवर कोणाला मिळालं नव्हतं.

भाऊ, हे तुला लिहिते आहे. ही सायकल तिच्या मापाची नाही. थांबताना जिचा पाय जमिनीला टेकत नाही, ती भर रस्त्यात कुठली भिंत धरणार? एखादं कुत्रं आडवं आलं की झालं. तुम्ही पाच जणांच्या मापाची एक सायकल आणलीत, पण तिच्यावर बसणार एकटी. दुकानदाराशी बोल, बदलून आण. आणि ते फाटक उघड. उजवीकडे न वळता समुद्रापर्यंत कोणी पोचलेलं मला माहीत नाही.

वहिनी, सीट सुंदर असणार याबद्दल शंका नाही. ती बाकावर ठोका आणि त्यावर बसून भाजी निवडा.

किंतू, तू काहीच कसं म्हणाली नाहीस?

आत्या


२ मार्च

आत्या,

वाचायची पाळी बाबांची होती. "तिच्या मापाची नाही" इथे ते थांबले, चष्मा पुसला, आणि मग शेवटपर्यंत वाचलं. एकही शब्द गाळला नाही. ते कधीच गाळत नाहीत. आई उठून आत गेली, पण लगेच परत आली.

मग तिसऱ्या दिवशी बाबा अगदी खुशीत जेवायला आले. त्यांना मार्ग सापडला होता. मी एकटी पडेन ही आईची काळजी, मी सायकलवरून पडेन ही बाबांची, आणि पडले तरी सांगणार नाही ही दादाची. तिन्ही काळज्यांवर त्यांनी एकच उपाय काढला: आपण सगळेच यायचं!

कारखाना आठवडाभर बंद. एक मोठी गाडी भाड्याने घ्यायची, सकाळी दादा चालवेल, दुपारी बाबा. तुमची गाडी सगळ्यांच्या मागे असते ना, तिच्या पुढे, बरोबर माझ्या मागे आमची गाडी राहील. आई पुढच्या सीटवर बसणार, म्हणजे मी तिला सतत दिसेन. जेवण घरचं. सायकलच्या उंचीचाही प्रश्न सुटला, कारण मी सकाळी चालवायची आणि दुपारनंतर दादाने. त्याला ती अगदी बेतल्यासारखी बसते. तेव्हा बदलायची गरज नाही. आई दोन दिवस याद्यांमध्ये बुडाली आहे. बाबांनी गाडीच्या सीटसाठी नवी गवसणी बेतायला घेतली, भाड्याच्या गाडीला! वहिनी म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच सगळे मिळून कुठे जातो आहोत. घरात इतका आनंद मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

पाचही हात वर झाले. पाचवा माझा. तो मी कधी वर केला ते मला आठवत नाही. खांदा भरून आला तेव्हा लक्षात आलं की वर आहे.

तू विचारलंस, मी काहीच कसं म्हणाले नाही. आत्या, इथे कोणी मला नाही म्हणतच नाही. मी हो म्हणते तेव्हा सगळे हो म्हणतात, आणि मग ती गोष्ट माझी राहत नाही. तक्रार कशाची करू? सगळे माझ्यासाठीच झटतात.

मला हल्ली झोप लागत नाही. हे वाक्य बाबांनी तपासताना "उगाच" असं म्हटलं. पण ते खरं आहे, म्हणून राहू देते.

तुझी,
किंतू


८ मार्च

किंतू,

हे पत्र तूच वाच. पाळी कोणाचीही असो. टेबलाशी बसून, मोठ्याने.

भाऊ, तुझी गाडी आमच्या मागून आली तर मी अडवू शकत नाही. रस्ता काही आपल्या वडिलांनी बांधलेला नाही. पण दुपारनंतर तुझा मुलगा सायकल चालवणार असेल तर जागा त्याच्या नावाने लिहू का? तसं सांग.

किंतू, तुला वाटत असेल की मी इथून ठणकावून नाही म्हणेन आणि तू सुटशील. मी म्हणणार नाही. मी नाही म्हणाले तर त्या घरात बाबांच्या होकारासारखाच माझा नकार तुझ्या डोक्यावर येऊन बसेल. मी त्या टेबलावरून उठले त्याला जमाना झाला. माझा हात तिथे मोजत नाहीत, आणि ते बरं आहे.

मी निघाले त्या वेळचं तुला सांगते. मला दुसऱ्या गावी कामाला जायचं होतं. टेबलावर विषय निघाला आणि सगळ्यात आधी हात वर गेला तो भाऊचा. इतक्या चटकन, की मी मनात म्हटलं, याला माझी अडचणच होत होती तर. त्यानंतर त्या घरी मी राहायला आले नाही. यात तक्रार नाही, मला माझं काम आवडतं. पण एकमत म्हणजे काय ते तेव्हा मला कळलं. हात सगळ्यांचे वर होतात आणि कोणाच्या मनात काय आहे ते कोणालाच कळत नाही.

तू त्या टेबलावर एकदा तरी नाही म्हणाली आहेस का?

आत्या


१९ मार्च

आत्या,

मी वाचलं. दुसऱ्या परिच्छेदापासून माझा आवाज इतका बारीक झाला की दादा म्हणाला, "जरा मोठ्याने, मागच्या रांगेत ऐकू येत नाही." तुझा शेवटचा प्रश्न वाचून झाला, मी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "माझा नकार आहे."

"कशाला?" आईने विचारलं.

"सगळ्यांनी गाडी घेऊन येण्याला."

दादा हसला. "अगं, तू हात वर केला होतास."

"हो. तो खाली घेते."

एकदा वर केलेला हात खाली घेता येतो का, याबद्दल कधी बोलणंच झालेलं नव्हतं. सगळे बाबांकडे बघायला लागले. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "येतो." नियम स्वतःवर उलटला तरी ते त्यात चालढकल करत नाहीत. मग ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "तर मग तू एकटी जाण्याला माझा नकार आहे."

विषय बंद. आई वर निघून गेली. जाताना म्हणाली, "आम्ही जड झालो." मी मागे धावले नाही.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. एकदा नाही म्हटल्यावर मला खोटं हो म्हणता येईना. रविवारी कापडवाल्या काकांकडे भेटायला जायचं ठरत होतं. मी म्हणाले, मला ते लोक आवडत नाहीत. आवडत नाहीतच. कामाच्या वेळी रेडिओ मोठ्याने लावायला नको म्हणाले. वहिनीने वरच्या खोलीसाठी दोन पडदे आणून दाखवले, निळा की करडा. मी म्हणाले, एकही नको, खिडकी उघडीच बरी. ती हळूच म्हणाली, "मला आल्यापासून तेच वाटतंय." दादा चिडला: "या घरात आता मीठसुद्धा एकमताने घालायचं का?" मी त्याला म्हणाले, "आजपर्यंत तसंच घालत होतो, म्हणून आळणी होतं." सगळ्यांना हसू फुटलं, बाबा सोडून.

पण एक गोष्ट झाली. मी बाबांना खाली कारखान्यात गाठलं, सदऱ्याची बाही वर केली आणि कोपर दाखवलं. म्हणाले, "सायकल मला बसत नाही. मी चार वेळा पडले. तुम्ही खिडकीतून आत वळायचात तेव्हा पडायचे." ते माझ्या हाताकडे बघत राहिले. मग टेप उचलला, मला भिंतीशी उभं केलं आणि टाचेपासून वर माप घेतलं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीचं घेतात तसं, दोनदा. म्हणाले, "गवसणी बसली नाही तर आपण परत घेतो. हे माप माझं चुकलं." त्याच संध्याकाळी दुकानदाराकडे गेले आणि लहान चौकटीची घेऊन आले. सीटला मी हात लावू दिला नाही, ती आहे तशी दगडासारखी ठेवली.

म्हणजे आता सायकल माझ्या मापाची आहे. दोन्ही टाचा टेकतात. थप्प्या हलवून उजवीकडे वळायलाही शिकले. आणि फाटकाला कडी आहे. आधी निदान सांगायला उंचीचं कारण होतं, आता काहीच नाही. मी गोल फिरते आणि बाबा खिडकीत असतात. आता ते आत वळत नाहीत.

त्यांना रोज विचारते. ते रोज म्हणतात, "नकार आहे." रागावून नाही. भाव विचारल्यावर भाव सांगावा तसं.

त्यांचं मन वळवायला काय करावं ते सांग.

तुझी,
किंतू


२५ मार्च

किंतू,

काही करू नकोस. ते वळणार नाही.

आजवर तू सगळ्यांना खूश करून मगच पाऊल उचललंस, म्हणून पाऊल अंगणाबाहेर पडलं नाही. त्याचा नकार हा त्याचा आहे. तो त्याच्याकडे राहू दे. तो असतानाही तुला निघता येतं का, एवढाच प्रश्न उरलाय, आणि त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही. मी तुला पळवूनही नेणार नाही. पाच तारखेला संध्याकाळी इथल्या बसस्टँडवर गाडी घेऊन उभी असेन. आलीस तर आलीस. नाही आलीस तर एक सायकलस्वार कमी, आणि मिस्त्रीचं गाणं मला एकटीला.

आणायचं ते सांगते. हेल्मेट स्वतःच्या डोक्याचं. दोन हातमोजे, एक जाडसर अंगरखा, कारण पहाटे डोंगरावर बोटं आखडतात. दोन जास्तीच्या ट्यूब. बूट नवे नकोत. निघण्याआधी चार-पाच वेळा तरी लांब रस्त्याने जाऊन ये, चढ असलेल्या. अंगणात मांडी मजबूत होते, पण श्वास होत नाही.

भाऊ, तूही ऐकतोयसच. तुला कमी लेखण्यासाठी हे लिहिलेलं नाही.

आत्या


५ एप्रिल

आत्या,

संध्याकाळी तू भेटशीलच. तरी लिहिते आहे, कारण समोर बसून सांगितलं तर मी सगळं गोड करून सांगेन. मधल्या स्टँडवर गाडी बदलायला थांबले आहे. चुका असतील; हे पत्र कोणी तपासलेलं नाही.

तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी फाटकाची कडी काढली आणि रस्त्यावर गेले. पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ चढले आणि परत आले. बाबा दारात उभे होते. म्हणाले, "नकार आहे." मी म्हणाले, "हो, माहीत आहे," आणि सायकल आत घेतली. रोज जात राहिले. रोज ते दारात असायचे. मला वाटायचं, एखाद्या दिवशी तरी ते थकतील. नाही थकले. आणि आत्या, मला ते रोज तेवढंच लागायचं. सवय होते असं तू सीटबद्दल लिहिलं होतंस. याची झाली नाही.

काल जेवताना मी विषय शेवटचा मांडला. दादाने हात वर केला. वहिनीने केला. आईने डोळे मिटून केला, इंजेक्शन घेताना करावं तसं. मी केला. बाबांचा हात ताटाजवळ होता.

"विषय बंद," दादा सवयीने म्हणाला.

"हो, बंद," मी म्हणाले. "मी उद्या सकाळच्या गाडीने निघते."

पुढे काय करायचं असतं ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी आईने भात वाढला.

सकाळी दादाने सायकलची चाकं काढून सगळं बांधून दिलं. तिकीट मी काढलं. म्हणजे खिडकीशी उभी राहून मागच्या माणसाला विचारलं आणि मग काढलं. बाबा स्टँडवर आले होते. का आले ते मी विचारलं नाही. सायकल डिकीत चढवताना त्यांनी एका बाजूने धरली, कुठे घासत नाही ना ते पाहिलं, आणि म्हणाले, "माझा नकार आहे हं."

"हो बाबा."

"तिला एक सांग." तिला म्हणजे तुला. "तिचं पत्र तू वाचलंस, त्यात तिने लिहिलं होतं, मी हात चटकन वर केला म्हणून. खरं आहे. हळू केला असता तर वर गेलाच नसता. आणि मग ती राहिली असती, माझ्यामुळे, आयुष्यभर." ते टायरवरची धूळ पुसत होते. "ती गेली आणि परत आली नाही. म्हणून या वेळी हात वर नाही करत. तू रागावून गेलीस तरी चालेल. मी हो म्हणालो म्हणून गेलीस, तर मला तुझी वाट बघता येणार नाही."

मला ते नीट समजलं की नाही, सांगता येत नाही. तसंच्या तसं लिहिलं आहे, एकही शब्द न गाळता.

गाडी सुरू झाली. मी खिडकीतून हात हलवला. बाबा तिथेच उभे होते, दोन्ही हात खिशात घालून. उजवा वर येऊ लागला होता. मी पाहिलं, मनगटापर्यंत बाहेर आला होता. आपल्या घरात वर गेलेल्या हाताचा अर्थ एकच होतो. त्यांनी तो परत खिशात घातला आणि गाडी वळेपर्यंत आत दाबून धरला.

समोरची गाडी लागली आहे. परत जाणारीही तिच्या शेजारीच उभी आहे, आणि तिच्यात जागा आहे, हे मी दोनदा पाहून आले. सायकल मात्र मी समोरच्या गाडीत चढवली आहे. चढवताना एक बाजू कोणीतरी धरेल म्हणून जरा वेळ थांबले होते. मग दोन्ही बाजू मीच धरल्या.

किंतू